मासेवाली पिशवी न्यायला आलीच नाही

मंडळी, आज सकाळी प्लास्टरातला पाय पसरून दारात बसले होते. नेहमीची मासेवाली आली, बोंबलांची पिशवी पुढ्यात ठेवून म्हणाली, "बाय, ही ठेव जरा. मंग नेते."

आणि मला करावे गावातलं आमचं घर आठवलं. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. वडील घर सोडून गेलेले, घरात फक्त आजी आणि मी. आजीची नजर गेली, खाडीवर जाणं बंद झालं. बाजाराला निघालेल्या शेजारणी ओट्यावर मासळीचा वाटा ठेवायच्या. "आये, ठेव जरा, मंग नेते." न्यायला कधी कोणी आलं नाही. 'घे' म्हणून आजीला कोणी लाजवलंही नाही.

आता दुपार उलटलीय. मासेवाली येणार नाही, हे कळून मी एका पायावर बोंबील तळतेय.

तुमच्या दारात असं कोणी काही ठेवून गेलंय का?