शिंगावरची खूण

तापलेली सळई शिंगाला टेकली की केस जळल्यासारखा एक उग्र दर्प उठतो आणि आमच्या कोरीट गावच्या कपाशीवरून तापीच्या दिशेने रेंगाळत जातो. शिंगाला वेदना नसते, बैल शांत उभा असतो. तोंड फिरवतो तो मी.

मी सहा वर्षांचा असताना बुळकांड्या रोगाने आमची बैलजोडी तीन दिवसांत नेली. त्या पावसाळ्यात कोळप्याला बा आणि माय जुंपले गेले. मायच्या खांद्यावरचा तो निळसर वळ मी पाहिला आहे. मुंबईला जनावरांचा डॉक्टर व्हायला गेलो तो त्या वळाच्या धाकाने. घराण्यातला पहिला पदवीधर मी. त्याचा अभिमान होता, आजही आहे. खोटं कशाला बोलू?

नोकरीत थोडा स्थिरावतो तोच लसीचे नियम लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. टोचलेलं जनावर ओळखू यावं म्हणून कानाला कातरीने खाच पाडावी. खाच नाही तर लस नाही. वाक्य माझं. किती देखणं वाटलं होतं ते कागदावर!

पुढे एका श्रावणात शेजारच्या तालुक्यात तोच बुळकांड्या शिरला आणि लस घेऊन मी स्वतःच्याच गावी आलो. पोळा आठ दिवसांवर होता. तोरणाखालून पहिलं जाण्याचा मान आमच्या चांद्या बैलाचा. बाने माझ्या हातातली कातर पाहिली.

“कानकाप्या बैल तोरणखाले कसा लई जाऊ? गाव मन्हाच कान कापी, डॉक्टर.”

व्यंग असलेला बैल पुजत नाहीत, हे मला ठाऊक नव्हतं का? त्याच गोठ्यात तर वाढलो. मग आवाज उतरवून तो म्हणाला, “खाच नको पाडू, बापू. तशीच टोची दे.”

“नियममा बसत नही, बा,” मी म्हणालो.

कातर पेटीत गेली, लसही गेली. शेजारी म्हणाले, “डॉक्टरना बापनी नही टोचं, मंग आपू काबर टोचानं?”

पोळा थाटात झाला. नवव्या दिवशी चांद्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. तेव्हा लसीचा काय उपयोग? गावातले निम्मे गोठे रिते झाले. नदीकाठी खड्डा खणला जात असताना बा एवढंच म्हणाला, “दवाई खरी व्हती. कातर आडवी उनी.” तो चिडला असता तर मला सोपं गेलं असतं.

त्यानंतर मी वर लिहीत राहिलो: खूण शिंगावर डागावी, त्याने बैल सव्यंग ठरत नाही, पोळ्याच्या रंगाखाली ती दिसतही नाही. उत्तरात दर वेळी माझंच वाक्य उतरवून यायचं. खाच नाही तर लस नाही. स्वतःच्याच अक्षराशी भांडत म्हातारा होणारा माणूस तुम्ही पाहिलाय? दरम्यान मी गावोगाव तीच कातर घेऊन फिरलो, आणि गावोगाव गोठ्यांची दारं माझ्या तोंडावर लागली.

बाने पुन्हा बैल घेतला नाही. दावणीचा खुंटा मात्र अखेरपर्यंत कुणाला उपटू दिला नाही.

आज कोरीटला जनावरांची रांग पार वेशीपर्यंत होती. आमच्या खुंट्याला कुणी बांधलेलं नव्हतं. शिंगाचा दर्प अंगरख्यात बसलाय, धुतल्याने जाईलसं वाटत नाही.

हुकूम गेल्या वर्षी निघाला. आमच्या तालुक्यात आता टोचलेल्या जनावराची खूण शिंगावर करतात. कान कापत नाहीत.