अडीच तासांचं विमान

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. मग तुम्हाला का सांगतोय? ज्यांनी रागवायला हवं ती माणसं आता उरली नाहीत, म्हणून असेल. म्हणजे बघा — इथेही भित्रेपणाच.

डहाणूला आमची चिकूची वाडी. थोरला भाऊ, दादा, दिल्लीला नोकरीत. मी धाकटा, घरी. आमचे वडील, तात्या, शेवटची दोन वर्षं अंथरुणाला खिळून होते. त्यांची अंघोळ, कूस बदलणं, रात्रीची खोकल्याची उबळ — सगळं मी केलं. आणि तात्या? डोळे उघडले की विचारायचे, "दादा आला का?" ते मला फार लागायचं.

दादाचं पत्र आलं. आईला वाचता येत नसे, पत्रं मीच वाचून दाखवायचो. त्यात होतं — तात्यांचं जास्त झालं तर तार कर. सकाळच्या विमानाने निघतो. दिल्ली-मुंबई सातशे मैल, पण विमानाला अडीचच तास लागतात. दुपारच्या गाडीने चारपर्यंत घरी येईन, माझ्यासाठी थांबा.

विमानाने निघतो, इथपर्यंत मी वाचून दाखवलं. पुढच्या ओळी तेवढ्या गाळल्या. का? मनात काही नव्हतं, असं स्वतःला सांगत आलो. होतं.

तार मात्र मी वेळेवर केली. दुसऱ्या दिवशी पहाटे तात्या गेले. तलासरीचे मामा आदल्या दिवशीच्या निरोपावरून सकाळच्या एसटीने आले. वीस मैलांना त्यांना दोन तास लागले होते. थोरल्याने अग्नी द्यायचा, त्याच्यासाठी थांबायचं, हे सगळ्यांनी धरलेलंच होतं. मामा बंदरावरून मासळीचा बर्फ आणायला माणूस पाठवत होते. तेवढ्यात आईने मला विचारलं, "विमानाला किती वेळ लागतो रे?"

विमानात आमच्यातलं कोण बसलं होतं? दिल्लीची गाडी तेवढी रोज आमच्या स्टेशनावरून धडधडत जायची. तिला रात्र आणि वर दिवस लागतो, हे सगळ्यांना पाठ. मी म्हणालो, "विमानालाही दिवस जातो, आई. उद्या संध्याकाळच्या आत काही तो येत नाही."

सगळ्यांना पटलं. आई म्हणाली, "मग नको ठेवायला. तूच दे अग्नी."

मी दिला. खांद्यावर मडकं घेऊन चितेभोवती फिरताना मला — कसं लिहू? — बरं वाटत होतं.

चार वाजता दारात टांगा थांबला. दादाने ओटीवरची माणसं पाहिली, ओल्या पंच्यातला मी पाहिला. "थांबला नाहीत?" त्याने मलाच विचारलं, पत्र मलाच लिहिलं होतं ना! आणि मी म्हणालो, "आईने सांगितलं."

आई तिथेच बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मग दादाला म्हणाली, "चुकलं रे माझं. मला अडाणीला विमानातलं काय कळतंय!"

तिने माझं नाव घेतलं नाही. पुढे कधीही नाही.

दादा तिच्याशी तुटकच वागला. पत्रात तिला शेवटी एक नमस्कार, बाकी काही नाही. "माझ्यासाठी काय लिहिलंय?" ती विचारायची, आणि मी पदरच्या चार ओळी घालून वाचायचो.

चार वर्षांनी आई गेली. मी तार केली. आम्ही बंदरावरून बर्फ आणला आणि थांबलो.

दादा आला. गाडीने आला — रात्र आणि वर दिवस घेऊन.

त्याने अग्नी दिला. मी शेजारी उभा होतो, आणि तेव्हाही बोललो नाही.