देसांकाच्या पिशवीतल्या सपाता

देसांका, पत्राला उशीर झालाय हे मला ठाऊक आहे, तेव्हा टोमणे राहू देत.

मी जिन्यात पडले त्या हिवाळ्यात तू पहिल्यांदा आलीस. माझ्या लेकाने, नेबोयशाने, व्हिएन्नाहून तुमच्या समाजकार्य केंद्राला लिहिलं होतं की आईला एकटं ठेवू नका, वृद्धाश्रमात जागा बघा. मी घरात राहायचं की नाही, ते तुझ्या अहवालावर ठरणार होतं. तू दारात बूट काढलेस आणि पिशवीतून स्वतःच्या सपाता काढून घातल्यास. पाहुण्यांसाठी दाराशी ठेवलेल्या माझ्या चालल्या नाहीत, म्हणून मला रागच आला. आंबट चेरीचा मुरंबा मात्र चमचाभर खाल्लास, वर पाणी प्यायलीस. मी बरणी पुढे केली.

"चमचा पाहुणचाराचा, बाई. बरणी म्हणजे भेट झाली. फाइल बंद झाली की न्यायला येते. माझ्या आईला फार आवडतो."

मग मी वशिला लावला. आपल्या गावात दात काढायलासुद्धा लोक वशिला लावतात. तुझे संचालक शाळेत माझे रसायनशास्त्राचे विद्यार्थी होते, त्यांना फोन केला.

आठवड्याने तू अहवाल वाचून दाखवायला आलीस. सव्वीस वर्षं तिमोक नदीकाठच्या खेड्यांतून बसने, बस नसेल तिथे पायी हिंडलीस, आणि दारुड्यालाही त्याचा कागद केंद्रात देण्याआधी वाचून दाखवलास. माझ्या कागदात होतं: जिन्याला कठडा हवा, शेजारीण रोज येते, बुद्धी तल्लख, जीभ त्याहून. शेवटची ओळ: बाईंनी संचालकांना फोन करून शब्द टाकायला सांगितलं.

"ते खोड."

"खोडत नाही."

"तू माझ्या बाजूची की लेकाच्या?"

"उद्या तो म्हणेल, अहवाल वशिल्यावर झाला. मग हा कागद तुमच्या काय कामाचा? तुम्हाला राग आलाय, तो हवं तर खाली लिहिते."

"लिही. मोठ्या अक्षरात."

नेबोयशाचा फोन आला तेव्हा तो हसत होता. "आई, तुझी लबाडीसुद्धा लिहिलीय तिने. म्हणजे तू ठीक आहेस हेही खरंच असणार." उन्हाळ्यात येऊन त्याने कठडा बसवला. सात हिवाळे मी माझ्याच स्वयंपाकघरात काढले, मजेत.

तू दरवर्षी बघून जायचीस, म्हणून फाइल काही बंद झाली नाही. या वसंतात तू निवृत्त होऊन नोवी सादला लेकीकडे गेलीस. तुझ्या जागी आलेली नवी मुलगी माझ्याच सपाता घालते. पण कागद वाचून दाखवते, तुझंच वळण.

तुझ्या आईसाठी ठेवलेली बरणी अजून फडताळात आहे. आता ती घ्यायला तुला कुठला नियम आड येत नाही. तू काही आली नाहीस, आणि मीही ती नोवी सादच्या बसच्या ड्रायव्हरकडे द्यायला अजून स्टँडवर गेलेली नाही. न्यायला तूच ये.