धवलारणीचा पहिला प्रश्न

वेबसाइट बनवून देण्याच्या माझ्या ऑफिसात करंजाड्याची एक म्हातारी आली. खुर्चीच्या कडेला बसली, पदर सावरला आणि म्हणाली, "लोकं आता लग्नाचं सगलं मोबाइललाच इचारतान. माजं नाव त्यानं सांगाया पायजे." ती धवलारीण, आगरी लग्नात धवले गाऊन लग्न लावणारी. यंदा तिला कुणीच बोलावलं नव्हतं.

मी म्हटलं, "आजी, लोक विचारतात ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं तुमच्या साइटवर लिहिली, की मोबाइलमधल्या एआयला तुम्ही सापडाल. पहिला कुठला लिहू?"

इतका वेळ टेबलावर ठेका धरणारी तिची बोटं थांबली.

"लिव, धवलारीण म्हंजे कोन?"

मी टाइप केलं. ती स्क्रीनकडे बघतच राहिली.

"आमच्या गावान ह्यो सवाल कंदी कुनाला पडला नव्हता."