श्वास कशाने अडतो

आमच्या शहरातली राजधानी भोपाळला जाणार हे नक्की झालं आणि ह्यांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, दम कोंडायला लागला. बातमी तर सचिवालयातल्या सगळ्याच कारकुनांना कळली होती. कोणी रडलं, कोणी सामान बांधायला घेतलं, कोणी बाड्यावरच्या चौकात उभं राहून नव्या सरकारला शिव्या घातल्या. श्वास मात्र आमच्याच घरच्या माणसाचा अडला. ओठ निळे पडायचे, मान पुढे काढून बसायचे. मी पाठीवरून हात फिरवत मनात घोकायची, हा सुटला, आता पुढचा येऊ दे.

मी तेव्हा ऐन विशीतली, मांडीवर तान्ही मुलगी. पोळ्या लाटताना कान आतल्या खोलीकडे असत. खोकला ऐकू आला की भीती वाटायची, आणि नाही आला की जास्त वाटायची.

सासरे, म्हणजे आमचे मामंजी, दरबारातले जुने नोकर. संस्थान विलीन झालं, पण मामंजी काही झाले नाहीत. "थंडी बाधली आहे," त्यांनी निकाल दिला. "आणि भोपाळची फिकर नको करू. मी बोलून ठेवलंय, जाणाऱ्यांच्या यादीतून तुझं नाव कटून जाईल." रोज जेवताना ते मुलाशेजारी बसून हेच सांगायचे, आणि ह्यांचा घास हातातच राहायचा.

ह्यांना कशाने दम लागतो ते मला ठाऊक होतं. दुखणं सुरू व्हायच्या आधी, मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते, तेव्हा हे म्हणाले होते, "भोपाळला जावंसं वाटतं. तिथे मी कोणाचा मुलगा ते कोणी विचारणार नाही." आणि लगेच जिन्याकडे बघितलं, कोणी येत नाही ना म्हणून.

शिंदे की छावनी या मोहल्ल्यात एक होमिओपॅथ बसत. त्यांच्या गोळ्या मामंजींनी आधी एकदा आणल्या होत्या, गुण आला नव्हता. दुसऱ्या खेपेला ह्यांना धरूनच न्यावं लागलं, म्हणून मामंजींबरोबर मीही गेले. डॉक्टर सावकाश बोलणारे. माझ्या जिवाची घालमेल चाललेली आणि हे गृहस्थ आंधीच्या गोष्टी सांगताहेत.

"आँधी तो पूरे शहर पर चलती है," ते म्हणाले, "दम किसी एक का घुटता है। मुझे आँधी की दवा नहीं देनी, इनकी देनी है। तो बताइए, तकलीफ़ किससे बढ़ती है? किससे घटती है? मन में कोई डर?"

"डर-वर हमारे यहाँ किसी को नहीं," मामंजी म्हणाले. "ठंड से बढ़ती है।"

आमच्या घरची रीतच तशी. दरबारात जसं थोरल्याने बोलायचं आणि बाकीच्यांनी खाली बघायचं, तसंच दुखण्याचंही. स्वतःचं दुखणं स्वतः सांगणं म्हणजे आगाऊपणा. ह्यांच्यापाशी तर बोलण्यापुरता श्वासही नव्हता.

"पिछली बार भी आपने यही बताया था," डॉक्टर म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. "बहूजी, आप कहिए।"

मामंजींसमोर मी आजवर तोंड उघडलं नव्हतं. काही हवं असलं तर सासूबाईंकरवी सांगायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार मी सोसला असता, त्याची सवय होती. पण हा मार ह्यांच्या छातीवर पडत होता. शेजारी तो घरघरणारा श्वास, अर्ध्यावर अडलेला. हा गेला तर, एवढंच डोक्यात आलं.

"ठंड से नहीं," मी म्हणाले. "पिताजी पास बैठते हैं, तब बढ़ती है।"

मामंजींनी माझ्याकडे बघितलंच नाही. ते मुलाकडे बघत राहिले, तो नाही म्हणेल म्हणून. ह्यांनी मान वर केली नाही. मग मामंजी काठी टेकत उठले, बाहेर ओट्यावर जाऊन बसले आणि दार लोटून घेतलं.

तेव्हा कुठे माझ्या हाताखालची ह्यांची पाठ सैल झाली. एक लांब श्वास आला, चांगला मोकळा, मोठ्याने. बाहेर ओट्यावर तो ऐकू गेलाच असणार. परत घरी जाताना तिघांना एकाच टांग्यात बसायचं होतं.