गोलकीपरची फी

बहारीनमध्ये मी बर्फावरची हॉकी खेळत होते असं सांगितलं की पुण्याचे नातेवाईक आजही हसतात. वाळवंटात बर्फ कुठून आला, म्हणे! अहो, होता. नव्वदीच्या दशकात तिथल्या राजधानीत, मनामात, एक बंदिस्त रिंक होतं. बाहेर डांबर पायाला चिकटायचं आणि आत दात वाजायचे. आई शाल गुंडाळून, बाबांचे जाड मोजे घालून बाकावर बसायची आणि म्हणायची, "मेलं आखातात येऊन सर्दी करून घ्यायची, आमचंच नशीब." जिदहफ्सच्या आमच्या फ्लॅटमधून दर शुक्रवारी सकाळी आम्ही तिघं तिथे जायचो. मी अकरा वर्षांची होते आणि माझ्या आठवड्यात बाकी सगळे दिवस नुसते शुक्रवारची वाट बघायचे होते.

मला गोलमध्ये उभं केलं ते मला धड स्केटिंग येत नव्हतं म्हणून. बाकीची पोरं सुसाट जायची, मी वळताना आपटायची. कोच म्हणाले, तू गोलमध्ये थांब. पायाला गाद्यांसारखे पॅड बांधले, तोंडावर जाळी आली, आणि ती काळी रबरी चकती पहिल्यांदा अंगावर आली तेव्हा मला कळलं की मला भीती वाटत नाही. वर्गात मला कोणी विचारत नसे. इथे सगळे ओरडायचे ते माझ्या नावाने. एवढं सुख मला आधी कशातच मिळालं नव्हतं.

त्या एका रिंकवर मुलांच्या दोन लीग चालत आणि दोघींचं मुळीच पटत नसे. आमची शुक्रवार सकाळची, ती आईबापांनी चालवलेली. बहुतेक कॅनडा-अमेरिकेचे लोक. प्रत्येक घराने दर महिन्याला फी द्यायची, त्यातून बर्फाचं भाडं जायचं. बाकी खर्चासाठी आया केक करून टेबलावर विकायच्या, बाप कोच व्हायचे. भांडणं विचारू नका! केक कोणाचा खपला नाही, कोणाचं पोर जास्त वेळ बाहेर बसलं, यावरून तोंडं फुगायची. पण नियम एकच, फी भरणारं प्रत्येक पोर सारखा वेळ खेळणार, मग ते कितीही आपटो.

दुसरी गुरुवार संध्याकाळची. तिचा सगळा खर्च एक कंत्राटदार कंपनी करायची. बर्फ, जर्सी, स्टिक, वर सामन्याच्या वेळी सरबत आणि समोसे. पालकांनी एक फिल्सही द्यायचा नाही. पाठीवर मात्र कंपनीचं नाव एवढं मोठं की पोराचा नंबर शोधावा लागे. तिथे जो जिंकून देईल तो खेळणार. भांडणं नव्हती, कारण भांडायचा हक्क कोणालाच नव्हता. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी.

माझे बाबा बँकेत अकाउंट्समध्ये होते. माणूस सरळ, पण मोडेन पण वाकणार नाही अशातला. कोणाच्या गाडीतून आले तरी पेट्रोलचे पैसे पुढे करणार. दुसऱ्या महिन्याची फी घेऊन ते लीगच्या सेक्रेटरीबाईंकडे गेले. त्या उंच, मोठ्याने हसणाऱ्या बाई, त्यांची दोन मुलं आमच्याच टीममध्ये होती. त्यांनी पाकीट परत दिलं आणि म्हणाल्या, "गोलकीपरकडून आम्ही पैसे घेत नाही. मागच्या महिन्याचे चुकून घेतले, तेही परत देते."

बाबांनी पाकीट खिशात घातलं. घरी आल्यावर बूटही न काढता सुरू झाले. "एवढ्या सगळ्यांत आपल्यालाच माफी? का? आपण इंडियन, म्हणून? मी काय हात पसरायला गेलो होतो?"

"अहो, त्या गोलकीपर म्हणाल्या. इंडियन नाही म्हणाल्या," आई म्हणाली.

"तोंडावर असंच म्हणतात."

"लोक म्हणतात फुकट ते पौष्टिक. तुम्हाला तेवढं पचत नाही!"

मी इंग्रजीत सांगून पाहिलं की तिथली पद्धतच तशी आहे, गोलमध्ये उभं राहायला कोणी तयार होत नाही म्हणून. बाबा म्हणाले, "मराठीत बोल." मराठीत सांगायला गेले तर रडू यायला लागलं. पुढच्याच आठवड्यात त्यांनी मला गुरुवारच्या लीगमध्ये घातलं. त्यांचा हिशेब असा, की तिथे सगळेच फुकट खेळतात, मग कोणी कोणाला उपकार दाखवणार नाही. आई एवढंच म्हणाली, की हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये. तिचं कोण ऐकतो?

गुरुवारची जर्सी नवी होती, पॅड नवे होते, खोटं कशाला बोलू, मला आवडले. पण तिथे आणखी एक गोलकीपर होता. कंपनीचे साहेब सामना बघायला आले की माझ्यावर पहिला गोल झाल्याबरोबर कोच मला बाहेर बोलावत आणि त्याला आत पाठवत. मग मी समोसा खात बसायची. बाबा काचेपलीकडून अंगठा दाखवायचे, जसं काही मीच जिंकतेय. शुक्रवारी सकाळी मी घरी असायची आणि घड्याळाकडे बघून चिडायची. आईने एकदा विचारलं, "का गं, जायचंय का परत?" मी "नो" म्हटलं. बाबा पेपर वाचत होते, त्यांना ऐकू जाईल म्हणून.

मग एका गुरुवारी आम्ही बूट बांधून तयार होतो, आणि कोच आलेच नाहीत. आला तो कंपनीचा स्टोअरकीपर. हा रायगडकडचा कोकणी मुसलमान, माझ्याशी मराठीत बोलायला मिळतं म्हणून नेहमी दोन शब्द बोलायचा. आज त्याच्यासोबत पिकअप होती. कंपनीचं मोठं काम हातून गेलं होतं आणि वरून हुकूम आला होता की सामान गोळा करा. तो आधी मोठ्या मुलांकडे गेला, माझ्याकडे शेवटी आला.

"काढ गो बाय ते पॅड," तो म्हणाला. "माझ्या हातात काय नाय. लीग खलास."

मला बकल निघेना. त्यानेच खाली बसून ते सोडवलं, एकेक पट्टा, आणि वर बघितलं नाही. स्केटही कंपनीचे. आम्ही सगळी पोरं मोज्यांवर उभी राहिलो, आणि पिकअप भरून गेली. शुक्रवारवाल्यांकडे पैसे कमी पडले तेव्हा त्यांनी दोन तासांचा एक तास केला होता, पण लीग चालू होती. ही एका संध्याकाळीत संपली. बाबा मला चपला घालून देत होते, तोंडाने "इंशाल्ला, होईल काहीतरी," म्हणत होते. मला त्यांच्याकडे बघवेना.

उद्या सकाळी जायचं, हे आईने ठरवलं. विचारलं नाही, सांगितलं. "तुम्हाला मान खाली घालायची नसेल तर नका घालू. मी घालते."

आम्ही पोचलो तेव्हा खेळ सुरू झाला होता. एका गोलसमोर फळी टांगलेली दिसली. लाकडाची, गोलाएवढी रुंद, खाली दोन्ही कोपऱ्यांना चकती जाईल एवढी भोकं पाडलेली. गोलकीपर नसला की असंच खेळतात. दुसऱ्या गोलमध्ये मात्र एक मुलगी उभी होती. तिच्या पायात माझे पॅड होते. डाव्या पॅडचा फाटलेला कोपरा आईने दाभणाने शिवला होता, तो लांबूनही ओळखू आला.

सेक्रेटरीबाईंनी मला पाहिलं आणि धावत येऊन मिठी मारली. म्हणाल्या, "कुठे होतीस तू? किती दिवस दोन्ही गोलला फळ्याच लावून खेळलो आम्ही. पॅड कोणाला देऊ दिले नाहीत मी. तुझ्या घरी दोनदा फोन केला, तुझे डॅडी म्हणाले तुला आता आवड राहिली नाही. ही मुलगी मागच्याच आठवड्यात आली."

आई हळूच मराठीत म्हणाली, "अहो, फोन आला होता?"

बाबा खिशातलं पाकीट चाचपायला लागले. माझा राग उसळला. मी म्हटलं, दुसरा गोल रिकामा आहे, मी तिथे थांबते. बाईंचा चेहरा पडला. पॅडची एकच जोडी होती, केक विकून विकून घेतलेली. पॅडशिवाय त्या मला उभं राहू देणार नव्हत्या. साधी खेळाडू म्हणून मात्र आजपासून खेळ, म्हणाल्या.

"फी किती होईल?" बाबांनी विचारलं. बाईंनी आकडा सांगितला, आणि वर म्हणाल्या, या महिन्याचा अर्धा झालाय, अर्धीच द्या.

"नाही. पूर्ण," बाबा म्हणाले. त्यांनी तिथेच पैसे मोजून दिले, पावती घेतली, घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "आता ताठ मानेनं खेळायचं."

नियमाप्रमाणे मला सगळ्यांइतकाच वेळ मिळाला. तो सीझन संपेपर्यंत दर शुक्रवारी मी त्या फळीसमोर आपटत राहिले आणि बाबा काचेपलीकडून टाळ्या वाजवत राहिले.