एफीच्या हातचा बर्फ

एफी डॅलग्लिश सत्तरी ओलांडलेली, उजवा खांदा दुखरा, जीभ मात्र शाबूत. किल्ब्राय गावच्या कर्लिंग क्लबाचा बर्फ गेली एकोणतीस वर्षं तीच तयार करते. तयार करते म्हणजे नक्की काय, हे क्लबातल्या निम्म्या लोकांना अजून ठाऊक नाही. ते दुपारी येतात, खेळतात, सूप पितात आणि घरी जातात.

क्लबाला स्वतःचा बर्फ नाही, गावाच्या सामायिक बर्फमैदानावर खेळावं लागतं, ही खरी रड. बुधवारी संध्याकाळी हॉकीवाले त्याच बर्फावर स्केट्स घालून धिंगाणा करून त्याची चाळण करतात, आणि गुरुवारी दुपारी तिथेच आपल्या मंडळींनी ग्रॅनाइटचे दगड हलक्या हाताने पलीकडच्या वर्तुळात सरकवायचे. म्हणून एफी गुरुवारी सकाळीच हजर. चरे बुजवायचे, उंचवटे तासायचे, मग कोमट पाण्याची टाकी पाठीवर घेऊन उलट्या पावली चालत झारीने थेंब शिंपडायचे. ते थेंब गोठले की त्यांच्यावरून दगड धावतो.

गावातली जुन्या लोकरगिरणीची वखार रिकामी होती. ती क्लबाला द्यायची की नाही, हे ठरवायला कौन्सिलचे टेनंटसाहेब या गुरुवारी खेळ बघायला येणार होते. वखार मिळाली तर तिथे क्लबाचा स्वतःचा कायमचा बर्फ, दर गुरुवारी तासायची गरजच नाही. नाही मिळाली तर एफीचा खांदा जाईल तेव्हा क्लबही जाईल. डॉक्टरांनी त्या खांद्याला वसंतापर्यंतची मुदत दिली होती. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

क्लबाचा अध्यक्ष वॉटी आदल्या दिवशी मुद्दाम घरी आला. "एफे, उद्या तू झारीला हात लावायचा नाहीस. चरे दिसू देत की त्याला!"

"मला काय वेड लागलंय? नाही लावणार."

गुरुवारी ती नुसती बघायला म्हणून गेली. बर्फ बघून तिचा जीव तुटला. पाहुणा येणार आणि घरात हा केर! एवढा एक मोठा चरा बुजवू, कुणी तरी पडेल, असं म्हणत तिने पाणी आणलं. मग त्याच्या शेजारचा. दहा वाजेपर्यंत टाकी तिच्या पाठीवर होती.

दुपारी दोन्ही संघांनी रिवाजाप्रमाणे हात मिळवले आणि खेळ असा रंगला की विचारू नका. वॉटीचा शेवटचा दगड वळत वळत वर्तुळाच्या अगदी मधोमध येऊन थांबला. टेनंटसाहेबांनी टाळ्या वाजवल्या.

"वा! इतका सुरेख बर्फ शहरातही नाही हो. मग तुम्हाला वखार कशाला हवी?"

साहेब गेल्यावर वॉटीने सुपाचा वाडगा आपटला. "बाई, पाडलास ना आपल्याच पायावर धोंडा? तुझे हात बांधून ठेवायला हवे होते!"

"ठेवायचे होतेस की! एकोणतीस वर्षांत ती टाकी एकदा तरी उचलून बघितलीस का रे?" एफी ओरडली, आणि त्या रागातच खांद्याचं बोलून गेली. वॉटीने आपला ब्रेड तिच्याकडे सरकवला.

एफीने स्वतःच साहेबांना फोन केला. "पुढच्या गुरुवारी पुन्हा या. चहा माझ्याकडून."

त्या गुरुवारी ती कोट घालून बाकावर बसली, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. वॉटीचा दगड सरळ निघाला, चऱ्यात अडखळला आणि शेजारच्या खेळात घुसला. दुसरा अर्ध्या वाटेतच रुतला. प्रत्येक दगडाला एफी डोळे मिटून घेत होती. आयुष्यात तिला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"आज काय झालं बर्फाला?" साहेबांनी विचारलं.

"काही नाही झालं. इथला बर्फ असाच असतो. त्या दिवशी तुम्ही बघितलीत ती मी."

साहेबांची नजर कोपऱ्यातल्या टाकीकडे गेली. ती भरलेलीच होती. त्यांनी ती पाठीवर घेतली, एफीने दाखवलं तसे चार पावलं उलटे चालले आणि दम लागून थांबले.

"हे तुम्ही दर गुरुवारी करता?"

"वसंतापर्यंत," एफी म्हणाली.

साहेबांनी टाकी जपून खाली ठेवली आणि वॉटीकडे वळून विचारलं, "त्या वखारीची मापं घेतली आहेत का कुणी?"